मासे, कुक्कुटपालन व तत्सम

आमच्या घरात कंपनी काढायची कल्पना माझी नव्हती. मी ती फक्त अंगावर घेतली. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस आपल्या टेबलावरचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर ढकलण्यात तरबेज असतो, ओढून घेण्यात नव्हे. पण नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि माझ्याकडे कागद यायचे बंद झाले. टेबलही सरकारनं ठेवून घेतलं.

कल्पना साताऱ्याच्या हंबीररावांची. त्यांची साताऱ्यात दोन आणि रहिमतपुरात एक अशी तीन मोठी किराणा दुकानं. माझी बायको चंदनबाला गेली नऊ वर्षं सांगलीत घरी बिनकांदा-लसणाचा मसाला करून विकते. आमच्या भागात कांदा-लसणाच्या चटणीवाचून लोकांचा घास उतरत नाही हे खरं, पण आम्ही जैन, आणि आमच्यासारखी घरं काही थोडी नाहीत. एका लग्नात हंबीररावांनी तिच्या मसाल्याची आमटी ओरपली, तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि म्हणाले, "वैनी, ह्यो मसाला दिवाळीपास्नं मला तिन्ही दुकानांत पायजे. आमच्याकडचे गुजराती, मारवाडी लय मागत्यात. पर माल कंपनीच्या नावानं द्या. घरगुती पुडीला आमचा मॅनेजर हात लावत न्हाई."

चंदनबालानं घरी येऊन लग्नातली साडी घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "बायडाबाईला आणि हरणाबाईला वर्षातले चारच महिने काम देता येतं मला. इथली मिरच्यांची देठं खुडून झाली की उरलेले आठ महिने दोघी दुसऱ्यांच्या रानात राबतात. तीन दुकानं मिळाली तर बारा महिने काम देता येईल. काढू या कंपनी."

"तू मसाल्याचं बघ," मी म्हणालो, "कंपनीचं मी बघतो."

हे वाक्य मी फार भारदस्तपणे म्हणालो होतो. आता खरं सांगतो, मला मॅनेजिंग डायरेक्टर व्हायचं होतं. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि मला 'साहेब' म्हणणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे शेजारचे धोंडिराम कांबळे. ते फौजेतून हवालदार म्हणून परतलेले, त्यामुळे दारावरच्या पोस्टमनलाही साहेबच म्हणायचे. ज्या बाजारात पूर्वी लोक मला थांबून नमस्कार करायचे, तिथे आता "चंदनबालाकाकूंचे मिस्टर" म्हणून माझी ओळख करून दिली जात होती. हे मला लागत होतं, आणि लागतं हे कुणाला सांगता येत नव्हतं.

सल्ला द्यायला मेहुणा गोमटेश पहिला आला. त्याची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे आणि जगातल्या सर्व विषयांत त्याला गती आहे. "दाजी, कंपनीचं नंतर बघा, आधी कार्डं छापा," तो म्हणाला. "कार्ड असलं की मानूस आपोआप कंपनीसारखा दिसाय लागतो." आणि माझी वाट न बघता त्यानं दोनशे कार्डं छापूनही आणली. शांतिनाथ चौगुले, मॅनेजिंग डायरेक्टर. कंपनीचं नाव अजून ठरलं नव्हतं म्हणून ती जागा त्यानं कोरी सोडली होती. त्यातलं एक कार्ड दुसऱ्या दिवशी हरणाबाईनं डुगडुगणाऱ्या डब्याखाली घातलं. डबा स्थिर झाला, हे मान्य करावं लागेल.

धोंडिरामांचा सल्ला वेगळा होता. त्यांची मुलगी स्वप्ना हिनं घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे काढला होता. चार संगणक, तासाला साठ रुपये, आणि दाराशी खुर्ची टाकून धोंडिराम पहाऱ्याला. "साहेब, कंपनी नोंदवाय पुन्याला खेटे कशापायी घालता?" ते म्हणाले. "आमची सपना म्हनती, मुंबईत एक एजंट हाय, त्यो इंटरनेटवरनंच कंपनी काढून देतो. हितं खुर्चीत बसायचं आन् ऑर्डर सोडायची."

खुर्चीत बसून ऑर्डर सोडायची, हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी कॅफेत गेलो. मोडेमनं बराच वेळ खरखर केली, दोनदा वीज गेली, आणि तिसऱ्या खेपेला एजंटाचा फॉर्म पडद्यावर आला. नाव, पत्ता, वडिलांचं नाव इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग 'कंपनीचा उद्योग' असा रकाना आला. तिथे लिहायची सोय नव्हती, दिलेल्या यादीतून एक निवडायचा होता. यादीत साखर होती, सूत होतं, संगणक होते, हॉटेल होतं. मसाला नव्हता. खाण्याच्या जवळपास जाणारी एकच ओळ होती. इंग्रजीत होती, पण आमच्या कचेरीच्या मराठीत ती अशी होईल: 'मांस, मासे, कुक्कुटपालन व तत्सम खाद्यपदार्थ'.

स्वप्नानं माझ्याकडे बघितलं. "काका, हे चालेल तुम्हाला? त्यापेक्षा मेल करून विचारू या का?"

"विचारायचं काय त्यात? 'तत्सम' आहे ना," मी म्हणालो.

सरकारी नोकरी न केलेल्या वाचकांना 'व तत्सम' या शब्दांचा महिमा कळणार नाही. ज्या वस्तूला कुठल्याच सदरात जागा नाही, ती 'व तत्सम'मध्ये बसते. एकदा मी साहेबांच्या खोलीचे पडदे 'झाडू, फिनेल व तत्सम' या सदरात बसवले होते आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी समाधानानं मान हलवली होती. पडदे जर फिनेलच्या मागे लपू शकतात, तर आमचा मसाला कोंबड्यांच्या मागे का लपू नये? मी ती ओळ निवडली. पुढे 'मॅनेजिंग डायरेक्टर कोण' असं विचारलं होतं, तिथे माझं नाव घातलं. घरी दोन्ही गोष्टी सांगितल्या नाहीत. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

चार दिवसांनी एजंटाचा ई-मेल आला. खाली 'अक्षता' अशी सही. कंपनीसाठी सहा नावं पसंतीच्या क्रमानं कळवावीत. मी पत्र लिहायला बसलो. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, 'आदरणीय महोदया', सगळं रीतसर. ते टाइप करताना स्वप्ना दोनदा उठून पाणी पिऊन आली. उत्तर एका ओळीचं आलं: नावं कुठे आहेत? नावं मी सोबतच्या प्रपत्रात जोडली होती आणि प्रपत्र माझ्या खिशात राहिलं होतं.

खिशातली नावं घरात कुणालाच पसंत पडेनात, म्हणून नव्या नावांवर आठवडाभर खल झाला. गोमटेशला नावात 'इंटरनॅशनल' हवं होतं. धोंडिरामांचं म्हणणं, नाव एका श्वासात आरोळी देता येईल असं असावं. मी पाच भारदस्त नावं काढली. सहावं सुचेना, आणि फॉर्म सहाशिवाय पुढे सरकेना, म्हणून शेवटच्या रकान्यात 'चंदनबाला फूड्स' टाकून दिलं. पहिली पाच नावं कुणी ना कुणी आधीच घेतलेली निघाली. पुण्याच्या कचेरीनं सहावं मंजूर केलं. गोमटेश म्हणाला, "दाजी, कार्डावरची मोकळी जागा भरली की!" मी हसलो, पण ते हसू मला ओढून आणावं लागलं.

मग कुरिअरनं कागद आले. चौतीस पानं, इंग्रजीत, त्यावर मुद्रांक. शेवटच्या पानावर आम्हा दोघांनी आपापल्या हातानं लिहून सह्या करायच्या होत्या आणि धोंडिरामांनी साक्षीदार व्हायचं होतं. आमचं दहा दिवसांच्या व्रताचं दशलक्षण पर्व चालू होतं, चंदनबाला दिवसातून एकदाच जेवत होती. ती मंदिरातून आली आणि हात धुऊन टेबलाशी बसली. मी पेन पुढे केलं.

"थांबा," धोंडिराम म्हणाले. "बिनवाचता सही आपुन करत न्हाई."

"अहो, चौतीस पानं आहेत."

"असूंद्या की. मला कुठं ड्यूटीवर जायचंय?"

त्यांनी चष्मा लावला, स्वप्नाची डिक्शनरी मांडीवर घेतली आणि एकेक ओळ इंग्रजीत वाचून तिचं मराठी करू लागले. तिसऱ्या पानावर कंपनीची उद्दिष्टं सुरू झाली. ते अडखळले. पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब, हितं तर कोंबड्या कापायचं लिवलंय."

पहिलंच उद्दिष्ट मांस, मासे, कोंबड्या व अंडी यांवर प्रक्रिया करून डबाबंद करण्याचं होतं. त्याच्यापुढे 'इतर उद्दिष्टं' म्हणून साठ कलमं होती. त्यांत दारू गाळणं होतं, कातडी कमावणं होतं, मासेमारीची जहाजं होती. मसाल्याचा उल्लेख बाविसाव्या कलमात, मीठ आणि बर्फ यांच्या मधे होता.

चंदनबालानं पेन खाली ठेवलं. "माझ्या नावाची कंपनी," ती म्हणाली, "आणि हे तिचं काम?"

"अगं, नुसता कागद आहे. कंपनीला काय काय करता येईल याची यादी असते ती. आपण थोडंच मासे धरायला जाणार आहोत?"

"मग लिहायचं कशाला?"

"सगळेच लिहितात. कागदावर असलं म्हणजे खरं असतं का?"

धोंडिरामांनी तेवढ्यात पुढचं पान उलटून मॅनेजिंग डायरेक्टरचं नावही वाचून टाकलं होतं. "कागदावरचं खरं नसतं," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही मॅनेजिंग डायरेक्टर आहात, तेही नाही ना?"

मी पेनाला टोपण लावलं. धोंडिराम डिक्शनरीत डोकं घालून बसले. चंदनबाला उठता उठता म्हणाली, "दुकानं गेली तर जाऊ देत. हे मी माझ्या हातानं लिहिणार नाही." बायडाबाई आणि हरणाबाई स्वयंपाकघरात धणे निवडत होत्या. दुकानं गेली म्हणजे त्यांचे आठ महिने गेले, हे त्यांनाही कळलं असावं. पण दोघींचे हात धण्यांतून निघाले नाहीत.

मी तडक फोनच्या बूथवर गेलो. मुंबईचा नंबर लागला. "अक्षता मॅडम आहेत का?"

"बोलतोय," घोगरा पुरुषी आवाज आला.

"अक्षता मॅडम?"

"अक्षता माझी मुलगी. सातवीत आहे. ई-मेल तिच्या नावानं उघडलाय. काम बोला."

महिनाभर मी सातवीतल्या मुलीला 'आपली नम्र विनंती मान्य होईल अशी आशा बाळगतो' असं लिहीत होतो. ते गिळून मी तक्रार मांडली. तो म्हणाला, "अहो, सगळ्यांच्यात असतं. पुढे कधी धंदा बदलला तर अडायला नको म्हणून घालतो आम्ही. परवा एका दातांच्या डॉक्टरची कंपनी काढली, तिच्यात जहाजबांधणी आहे. आणि तुमच्या मुख्य उद्दिष्टाचं म्हणाल, तर मांस-मासे तुम्हीच निवडलंत. फॉर्म आहे माझ्यापुढे. आता नव्यानं करायचं तर नव्यानं टाइप, नवे मुद्रांक. निदान महिना जाईल."

महिन्यानंतर दिवाळीला जेमतेम दोन आठवडे उरत होते. घरी येताना मी 'एजंटाची चूक' हे वाक्य तयार करून आलो होतो. एकतीस वर्षांत अशी शेकडो वाक्यं केली असतील, आणि चूक नेहमी वरच्या किंवा खालच्या कचेरीची निघाली होती. चंदनबाला देवापुढे बसली होती. दिवसभरात ती एकदाच जेवली होती आणि चेहरा उतरला होता. मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "तो उद्योग मीच निवडला होता. मला वाटलं, 'तत्सम'मध्ये बसेल."

तिनं हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या साताऱ्याला जा. हंबीररावांना तुम्हीच सांगा."

एस.टी.त मला उभ्यानं जावं लागलं. तेच योग्य होतं. हंबीरराव गल्ल्यावर होते. मी कोंबड्यांपासून जहाजांपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचा भाग न वगळता, आणि शेवटी म्हणालो, "तेव्हा दिवाळीपर्यंत कंपनी होत नाही. बायको सही करायला तयार नाही."

हंबीरराव खुर्चीत मागे रेलले. "म्हंजी मासं नुसतं कागदावर हाय म्हनून वैनींनी तीन दुकानांवर पानी सोडलं?"

"हो."

"कुनी बघनार न्हवतं तरी?"

"कुणी नाही."

त्यांनी मॅनेजरला हाक मारली. "ह्यांच्या मसाल्याला मधलं फडताळ मोकळं कर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवं चौगुले, माझं गिऱ्हाईक मला रोज इचारतंय, ह्यात लसूण न्हाई कशावरनं? मी काय सांगनार, पुडीवर लिवलंय म्हनून? आता सांगाय गोष्ट गावली. माल पाठवा, कंपनी हुईल तवा हुईल." आणि मला चहा पाजताना त्यांनी ही गोष्ट चार गिऱ्हाइकांना सांगितली. चारही वेळा त्यात मूर्ख मी होतो. मी चहा पीत राहिलो.

त्या रविवारी आम्ही नवी यादी करायला बसलो. धोंडिराम वाचायचे, चंदनबाला निकाल द्यायची, मी लिहायचो. मांस, मासे, अंडी पहिल्या मिनिटाला गेली. दारू आली तेव्हा धोंडिरामच म्हणाले, "खोडा. आमच्या पंचशीलात बी न्हाई बसत." कातडी गेली. रेशीम गेलं, किडे उकळतात म्हणून. मध गेला. बटाट्याचे वेफर्स कंदमूळ म्हणून गेले. कीटकनाशकांना गोमटेशनं बराच वेळ धरून ठेवलं, पण त्यातला 'नाश' काही केल्या जाईना. चित्रपटनिर्मिती राहू द्यावी असं त्याला फार वाटत होतं. धोंडिराम म्हणाले, "शिनेमात हानामारी असती," आणि तीही गेली.

इथे मला अवदसा आठवली. "हळद जमिनीखाली येते," मी म्हणालो. "तीही कंदच की."

हळदीचा अडत्या गोमटेश कानापर्यंत लाल झाला. तीन पिढ्यांचा धंदा आणि सगळ्या सांगलीचा बाजार क्षणभर टांगणीला लागला.

"ओली नाही, वाळलेली चालते," चंदनबाला म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षीच मी मुनिमहाराजांना विचारून घेतलंय." गोमटेश तांब्याभर पाणी प्यायला. एकसष्ट कलमांतून मसाले, पापड, डाळी आणि गोदाम एवढी चार उरली.

"आन् कमांडिंग अफसर कोन?" धोंडिरामांनी विचारलं.

मी चंदनबालाचं नाव लिहिलं. लिहिताना मधेच एकदा पेन झटकून घेतलं, हे कबूल करतो. जावक क्रमांक चौदा टाकून पत्र स्वप्नाकडे दिलं. या वेळी 'आदरणीय महोदया' घातलं नाही.

कागद येईपर्यंत माल जायला हवा होता. तीन दुकानांचा माल म्हणजे रोज पहाटे मिरची, धणे घेऊन कांडपाच्या गिरणीत नंबर लावायचा. हे काम करायला घरात मोकळा माणूस एकच होता. नाकाला उपरणं बांधून मी रोज सात-आठ बायकांच्या मागे उभा राहू लागलो. पहिल्या दिवशी मला सत्तेचाळीस शिंका आल्या, त्या बायडाबाईनं मोजल्या. आठवड्यानं मिरचीच्या वासावरून ती तिखट किती आहे हे मला सांगता येऊ लागलं. चंदनबाला डब्यात बोट बुडवून मसाल्याची चव घ्यायची आणि "आज बारीक आलंय" एवढंच म्हणायची. कचेरीत साहेबांनी चांगला शेरा लिहिला तरी मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

ऑक्टोबर संपता संपता नवे कागद आले. फक्त बारा पानं. धोंडिरामांनी तरीही सगळी वाचली आणि मान हलवली. चंदनबालानं पेन घेतलं. एजंटानं काय लिहायचं त्याचा नमुना सोबत दिला होता. ती शाळेतल्यासारखी एकेक मोठं इंग्रजी अक्षर काढत गेली. नाव, वडिलांचं नाव, पत्ता. पुढचा रकाना व्यवसायाचा होता. नमुन्यात तिच्यासाठी 'गृहिणी' असं होतं. तिनं नमुन्याकडे बघितलं, तो बाजूला सारला आणि लिहिलं: 'व्यापार'.

मग पान माझ्यापुढे आलं. नमुन्यात माझ्या नावापुढेही 'व्यापार'च होतं. मी तेच लिहायला पेन टेकवलं.

"साहेब," धोंडिराम म्हणाले, "साक्ष माझी हाय. खरं काय त्येच लिवा."

मी पेन उचलून धरलं. व्यापार माझा नव्हता. 'निवृत्त' लिहिता आलं असतं, पण चार महिने तो शब्द मला टोचत होता. उपरण्याला मिरचीचा वास येत होता. मी लिहिलं: 'नोकरी'.

धोंडिरामांनी वाकून वाचलं. "नोकरी? कुठं?"

मी चंदनबालाकडे बोट दाखवलं.

त्यांनी काही क्षण विचार केला आणि खाली झोकात सही ठोकली. चंदनबालानं मी लिहिलेली ओळ दोनदा वाचली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं, पण घरात मिरची होती, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. पदरानं डोळे टिपून ती म्हणाली, "मग उद्या पहाटे पाचला कांडपावर हजर राहा. काल सव्वापाच झाले होते."